तीन हजार किलोमीटरचे टायर

१

मंगळवारी सकाळी सहा वाजता गोंदियाजवळच्या कामठ्याच्या नव्या सिमेंट रस्त्यावर पाण्याचा पाइप चालूच होता, आणि तो धरणारा माणूस रस्त्याच्या कडेला पडलेला होता.

उदाराम टेंभरे, वय साठ. नवा रस्ता पक्का व्हावा म्हणून सिमेंटवर मातीचे छोटे बांध घालून त्यात पाणी भरून ठेवतात, वरून तणीस, म्हणजे धानाचा पेंढा पसरतात. कंत्राटदाराने ते काम उदारामला दिलं होतं. रस्त्याची एक बाजू वाहनांसाठी बंद होती, पण अंधुक उजेडात कुठलीतरी गाडी त्या बंद बाजूवर चढली होती. दूध घेऊन निघालेल्या माणसाला उदाराम सापडला, तेव्हा त्याचं अंग अजून कोमट होतं.

गाडीने मागे एकच गोष्ट सोडली होती. एका ओल्या बांधावर टायरचा ठसा उमटला होता. वीत आणि वर चार बोटं एवढा रुंद, नक्षी खोल आणि स्पष्ट, साच्यातून काढल्यासारखी.

एवढा रुंद टायर ना जीपला असतो, ना पिकअपला. ठाणेदारांना फार शोधावं लागलं नाही. तसे मागचे टायर असलेली गाडी सगळ्या गोंदियाच्या ओळखीची होती: राइस मिलवाले चंद्रकुमार कटरे यांच्या मुलाची लाल स्पोर्ट्स कार. गुरुवारी ठाणेदार स्वतः मिलमधल्या गाडीच्या शेडमध्ये गेले, मागच्या चाकांजवळ उकिडवे बसले आणि पाच मिनिटांत उठले.

लाल गाडीचे मागचे दोन्ही टायर पार टकले होते. त्यांच्यावर नक्षी शिल्लकच नव्हती.

२

आठ दिवसांनी त्याच शेडमध्ये रश्मी रंगारी आली. ती विमा सर्व्हेअर होती. ठोकलेल्या गाड्या पाहायच्या आणि मालक सांगतो तसंच घडलं का, ते कंपनीला कळवायचं, हे तिचं बारा वर्षांचं काम. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. गाडी बघताना आधी खाली बघायचं, ही सवय तिला त्यांनी लावली होती.

"क्लेमची काही गरजच नव्हती मॅडम," चंद्रकुमार म्हणाले. साठीला टेकलेला, रुंद खांद्यांचा माणूस. डाव्या अंगठ्याला पट्टी होती. "मुलानं नागपूरला बसून ऑनलाइन टाकून दिला. गाडी त्याच्या नावावर आहे ना. नात्यातल्या एका लग्नासाठी आला होता, बंपर तुटलेला दिसला, लगेच फोटो काढले. हमको पूछा भी नहीं."

"काय धडकलं?"

"रानडुक्कर. नवेगावच्या जंगलाकडे. ठाणेदारांनाही दाखवलं."

"गाडी कोण चालवत होतं?"

"फॉर्मवर मुलाचं, हेमेंद्रचंच नाव आहे. और कौन?"

रश्मीने फॉर्मवरची तारीख पाहिली. मंगळवार, पंचवीस मार्च. कामठ्याची बातमी तिने पेपरात वाचली होती. बंपर पाहून ती मागे गेली आणि खाली वाकली.

"टायर पूर्ण संपलेत."

चंद्रकुमार हसले. "या गाडीचे मागचे टायर टिकतच नाहीत. सगळा जोर मागच्या चाकांवर, आणि पोरगा गोल गोल फिरवून धूर काढतो. मी ट्रकवर क्लीनर होतो मॅडम, सोळाव्या वर्षापासून. तेव्हा टायर साठ-साठ हजार किलोमीटर चालवायचो आम्ही. आणि हे? पाहता पाहता संपतात. ठाणेदार साहेबांनाही हेच सांगितलं."

"शेडची चावी कोणाकडे असते?"

"तीन चाव्या आहेत. मी, हेमेंद्र आणि आमचा ड्रायव्हर गुलाब. काऊन?"

"फॉर्ममध्ये लिहावं लागतं."

तिने आत डोकावून किलोमीटर पाहिले: अकरा हजार शंभर. मग मोबाइलच्या उजेडात मागच्या चाकांचे फोटो काढले. अलॉय रिमच्या कडेवर ताजे, पांढरे ओरखडे होते. लोखंड जोर लावून आत सारल्यावर पडतात तसे.

निघताना तिने सहज विचारलं, "हे टायर कधी बसवले होते?"

चंद्रकुमारांनी शेडचं दार ओढून घेतलं. "ते ओमेशला माहीत. टायरवाला. पण त्यात काय पाहायचं आहे तुम्हाला?"

३

ओमेशच्या दुकानात चाकं अलाइन करायचं मोठं मशीन होतं आणि दुकानदाराला त्याचा अभिमान होता. त्याने मोबाइलवर बिल काढून दाखवलं. लाल गाडीला मागचे दोन नवे टायर, दहा डिसेंबरला. तेव्हा गाडी आठ हजार शंभर किलोमीटर चाललेली.

"म्हणजे या टायरांवर तीन हजार झाले," रश्मी म्हणाली. "आणि ते टकले आहेत."

"नाही होणार."

"मुलगा धूर काढतो म्हणतात."

"काढतो ना. म्हणून तर पहिली जोडी आठ हजारात गेली. नीट माणसानं चालवली तर याच टायरांवर पंधरा-अठरा हजार होतात. रबर मऊ असतं, गाडीला ताकद जास्त, म्हणून पुढच्यांपेक्षा मागचे लवकर जातात. पण तीन हजारात गोटा? त्यासाठी रोज सकाळ-संध्याकाळ एका जागी चाकं फिरवावी लागतील. मग चाकाच्या वरच्या खोबणीत जळक्या रबराचे तुकडे चिकटलेले दिसतात. दिसले?"

"नाही. स्वच्छ होती."

रश्मीने फोटो पुढे केला. ओमेशने तो मोठा केला, टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे वाचले आणि खुर्ची ओढून बसला.

"चाळीस एकवीस. म्हणजे दोन हजार एकवीस सालचा चाळिसावा आठवडा. मी बसवलेले चोवीस सालचे होते." त्याने आवाज खाली आणला. "मॅडम, हे जुने टायर आहेत. डिसेंबरात मीच काढले होते. हेमेंद्रला त्यांच्या खुर्च्या बनवायच्या होत्या, म्हणून गुलाबभाऊ मिलच्या पिकअपमध्ये टाकून घेऊन गेले."

"म्हणजे कोणीतरी चांगले टायर उतरवून संपलेले चढवले."

"आणि चढवणाऱ्याला चढवता आले नाहीत," ओमेश म्हणाला. "हा बारीक बाण दिसतो? चाक कुठल्या दिशेनं फिरायचं, ते लिहिलेलं असतं. बाण पुढं पाहिजे. इथं दोन्ही बाण मागं आहेत. मी गुलाबभाऊला तर प्रत्येक वेळी दाखवतो. एकदा त्यांनीच माझ्या पोराची चूक पकडली होती."

रश्मीने फोन परत घेतला. चांगले टायर उतरवून निरुपयोगी टायर लावायला माणसाला एकच कारण असू शकतं, आणि ते कारण कामठ्याच्या चिखलात उमटलं होतं.

४

ठाणेदारांना फोन करायच्या आधी ती कामठ्याला गेली. उदारामची बायको जमुनाबाई अंगणात बसली होती. तेरवी व्हायची होती, घरात पाहुणे होते, पण बोलायला कोणी नव्हतं.

"पोलिसांनी तुम्हाला काही विचारलं?"

"मले काय विचारतीन जी? बालाघाटची गाडी होती म्हनतेत. निघून गेली म्हनतेत."

"उदारामभाऊ त्या रस्त्यावर किती दिवसांपासून होते?"

"वीस दिवस झाले असतीन. रोज पाहाटे चारले जाये."

"कधी काही बोलले? कोणाशी भांडण, कोणती गाडी जोरात जाते असं?"

जमुनाबाईने मान हलवली. "भांडन नाई. पर एक लाल गाडी सांगे तो. खालतीच, जमिनीले लागून चालनारी. रोज सकारी येते म्हने, अन् पुढून फिरून वापस जाते."

"रोज?"

"रोज. येक दिवस खाडा नाई. धावत नोती म्हने, हरूहरू जाये. हा हात दाखवे त तोबी लाइट मारे. घरी येऊन मले सांगे, आज आपली लाल गाडी आली होती म्हनून."

"आत कोण होतं, ते दिसलं त्यांना?"

"काच कारी होती जी. कोन दिसन?"

रश्मी गाडीत येऊन बसली, पण तिने गाडी सुरू केली नाही. गोंदियाहून कामठा, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. दहा डिसेंबर ते पंचवीस मार्च, शंभरावर काही सकाळी. शंभर गुणिले तीस.

तीन हजार.

आणि हळूहळू जाणारा, एकही दिवस न चुकवणारा तो माणूस टायर जाळणारा नव्हता.

५

ठाणेदारांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि दुपारी मिलवर माणसं पाठवली. मागच्या आवारात धानाच्या तुसाचा डोंगर होता. त्यात बांबू खुपसत गेल्यावर चौथ्या ठिकाणी बांबू अडकला. दोन रुंद टायर बाहेर निघाले. त्यांची नक्षी जवळजवळ नवी होती, झीज इकडून तिकडे एकसारखी. एका टायरच्या खाचांत वाळलेली माती आणि तणसाच्या काड्या होत्या.

चार वाजता रश्मीचा फोन वाजला.

"केस सुटली मॅडम," ठाणेदार म्हणाले. "ड्रायव्हर गुलाब वासनिक स्वतः चालत ठाण्यात आला. मीच मारलं म्हणतो. उद्या सकाळी कोर्टात उभा करतो."

ती ठाण्यात पोहोचली तेव्हा गुलाब बाकावर ताठ बसला होता. पन्नाशीचा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला माणूस. त्याने चप्पल काढून बाकाखाली नीट जोडून ठेवली होती.

"तुम्ही राहता कुठे?"

"सौंदडले जी."

"कामावर कसे येता?"

"सकारच्या गाडीनं. आठले पोचतो. पर त्या दिवशी मी मिलमधीच मुक्काम केला होता."

"रोज पहाटे कामठ्याला कोण जायचं?"

गुलाबने वर पाहिलं. त्याला हा प्रश्न कळला नाही, हे तिला स्पष्ट दिसलं.

"रोज कोनी नाई जात. मी आठवड्यातून येकदा गाडी पुसतो. मीटर वाढलेलं दिसते, त मले वाटे हेमेंद्रबाबू शनवारी येते तवा फिरवत असन."

"टायर कसे बदलले तुम्ही?"

"बदलले."

"ओमेशकडे?"

"नाई. म्या सोता. हातानं."

"बाण कुठल्या बाजूला ठेवला?"

"पुढं," गुलाब लगेच म्हणाला. "बान पुढंच पाहिजे."

रश्मी त्याच्या शेजारी बसली. "गुलाबभाऊ, दोन्ही बाण मागे आहेत. ते टायर तुम्ही लावले नाहीत. गाडीही तुम्ही चालवली नाही. हेमेंद्र लग्नाला आला होता, म्हणून त्यानंच केलं असं तुम्हाला वाटलं. बरोबर?"

गुलाबने बाकाखालची चप्पल पायाने सरळ केली.

"त्याले सायकल मी शिकवली जी," तो म्हणाला. "त्याची माय गेली तवा आठ वर्साचा होता. माह्या मांडीवर झोपे. त्याचं लग्न व्हाचं हाय अजून. माहं काय?"

"आणि त्यानं केलं नसेल तर?"

६

सहा वाजता सगळे शेडमध्ये होते: चंद्रकुमार, नागपूरहून धावत आलेला हेमेंद्र, ठाणेदार आणि दोन शिपायांच्या मधे गुलाब. हेमेंद्र सारखा गुलाबकडे पाहत होता. "काका, सांगा ना, काय झालं होतं?" त्याने दोनदा विचारलं.

"मला प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा आहे," रश्मी म्हणाली. "एकेकाला, गाडीच्या मागे. बाकीच्यांनी बाहेर थांबा."

आधी गुलाब आला. मागच्या चाकात काय चूक आहे, एवढंच तिने विचारलं. तो वाकला, बोटाने टायरच्या बाजूवर चाचपलं आणि हळूच म्हणाला, "बान उलटा हाय. दोनी कडं."

हेमेंद्रला वाकावंही लागलं नाही. "हे तर माझे जुने टायर. आणि उलटे कोणी बसवले? पावसात गाडी सरळ शेतात जाईल."

मग चंद्रकुमार आले. त्यांनी धोतराचा सोगा वर घेतला, गुडघा टेकला, प्रत्येक नट बोटाने तपासला. मग मूठ वळून टायरवर दोनदा ठोकलं आणि कान देऊन आवाज ऐकला. ट्रकवाले ऐकतात तसा.

"टकले झालेत," ते उठत म्हणाले. "बाकी चूक काही नाही. हवा बरोबर, नट घट्ट. व्यवस्थित बसवलेत."

"धन्यवाद," रश्मी म्हणाली. "तुम्हीच बसवलेत ना."

तिने बाकीच्यांना आत बोलावलं. आवाज चढवायची गरज नव्हती.

"हे टायर मशीनवर चढवलेले नाहीत. रिमवर टायर उचकटायच्या लोखंडी टामीचे ओरखडे आहेत. टामीनं हातानं टायर चढवणं आता फार थोड्या लोकांना जमतं. हे ज्यानं केलं त्याचे हात त्या कामात तयार झालेले आहेत, पण बाण असलेला टायर त्यानं कधी हाताळलेला नाही. त्याच्या काळी ट्रकच्या टायरला बाण नसायचा. शेडच्या तीन चाव्या आहेत. गुलाबभाऊंना बाण माहीत आहे. हेमेंद्रला माहीत आहे. सेठजी, तुम्ही आत्ता दोन मिनिटं त्या टायरकडे पाहत होतात, आणि तुम्हाला तो दिसला नाही."

"मॅडम, अंगठा मशीनच्या पट्ट्यात..." चंद्रकुमार म्हणाले आणि थांबले. अंगठ्याबद्दल कोणी विचारलंच नव्हतं.

"दुसरं," ती म्हणाली. "तुसात सापडलेले टायर हेमेंद्रनं चालवलेले असते तर तीन हजारात अर्धे झिजले असते. ते नव्यासारखे आहेत. ते चालवणारा माणूस रोज पहाटे कामठ्यापर्यंत सावकाश जायचा आणि परत यायचा. गुलाबभाऊ आठला सौंदडहून येतात. हेमेंद्र नागपूरला असतो. रोज पहाटे तुम्ही कुठे जाता सेठजी?"

उत्तर हेमेंद्रने दिलं, वडिलांकडे न पाहता. "नागऱ्याला. महादेवाच्या दर्शनाला. सगळ्या घराला हेच माहीत आहे."

चंद्रकुमारांनी गाडीच्या छतावर हात ठेवला.

"पंधरा वर्षं दुसऱ्याच्या गाड्या धुतल्या, मग स्वतःच्या वीस गाड्या केल्या," ते म्हणाले. "पण अशी गाडी कधी चालवली नव्हती. पोरगा गेला, गाडी उभी होती. एक दिवस बसलो. मग रोज. कोणाला सांगणार? या वयात सेठला रेसची गाडी लागते म्हणून बाजार हसला असता." त्यांनी पट्टीचा अंगठा मुठीत धरला. "त्या दिवशी उशीर झाला होता. उजेडाच्या आत परतायचं होतं. वळताना बंद बाजूवर चढलो. तो पाइप घेऊन वाकला होता."

"तुम्ही खाली उतरलात?" ठाणेदारांनी विचारलं.

"उतरलो."

"जिवंत होता?"

चंद्रकुमार हेमेंद्रकडे पाहू लागले. हेमेंद्रने तोंड फिरवलं आणि गुलाबच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"होता," ते म्हणाले. "वीस वर्षं माझ्याच मिलला धान आणायचा. त्यानं ओळखलं मला. 'सेठ' म्हणून हाक मारली. मी म्हटलं, दोन माणसांच्या या गाडीत तुला कसं झोपवू, मोठी गाडी घेऊन येतो, थांब. तो बरं म्हणाला." ते मागच्या चाकाकडे वळले. "मिलपर्यंत आलो मी. मोठ्या गाडीची चावीही घेतली होती हातात. मग टायरला चिकटलेली माती दिसली."

७

दुसऱ्या दिवशी गुलाब सुटला. हेमेंद्र त्याला सौंदडला सोडायला गेला, असं ओमेशने रश्मीला सांगितलं. लाल गाडी जप्त होती, म्हणून दोघं रेल्वेने गेले.

रश्मी कामठ्याला गेली. तिचं तिथे काही काम नव्हतं. रिपोर्ट पाठवून झाला होता. पण जमुनाबाईला हे कोर्टात, परक्या माणसांच्या गर्दीत ऐकावं लागू नये, असं तिला वाटत होतं.

जमुनाबाईने सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मिलवाल्या सेठचं नाव आलं, तेव्हा तिने फक्त पदर सावरला.

"तो काई बोलला का जी, मराच्या आधी?"

रश्मीने आधी ठरवलं होतं की हे सांगायचं नाही. आता समोर बसल्यावर तिला ते जमेना. सेठने काय सांगितलं आणि उदाराम काय म्हणाला, ते तिने शब्द न बदलता सांगितलं.

घरातून कोणीतरी चहा आणून ठेवला. कोणी तो उचलला नाही.

"बरं म्हने तो?" जमुनाबाईने विचारलं.

"हो."

"मंग तो वाट पाहून राहिला असन."

रश्मीने चहाचा कप तिच्याकडे सरकवला.

"कोर्टाची तारीख सांगजा मले," जमुनाबाई म्हणाली. "तेरवी झाली का मी येतो. सेठच्या तोंडासमोर उभी राहतो अन् येकच विचारतो. माहा मानूस किती वेर वाट पाहत होता, ते माहीत हाय का तुले."

रश्मीने तारीख लिहून देण्यासाठी पर्समधून पेन काढलं, आणि कागदासाठी बराच वेळ पर्स चाचपत राहिली.